मग शेवटी झालं काय? मुलांना सारांश सांगायला आणि लिहायला शिकवताना

चौथीतली एक मुलगी माझ्यासमोर बसून वाचलेली गोष्ट सांगत होती. गोष्ट चार पानांची. दहा मिनिटं झाली तरी ती दुसऱ्या पानावरच. ‘मग तो म्हणाला… मग ती म्हणाली… मग ते दोघं निघाले… मग…’ वाचन तिचं स्वच्छ होतं, एक शब्द अडत नव्हता. आठवण इतकी पक्की की संवाद जसेच्या तसे. मी विचारलं, ‘बरं, पण शेवटी झालं काय?’ ती थांबली, छताकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाली.

गोष्ट तिला कळली नव्हती असं नाही. त्यातलं काय सांगायचं आणि काय सोडायचं हे तुझं तू ठरव, असं तिला आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. शाळेत प्रश्न येतात ते ‘राजाचं नाव काय’, ‘तो कुठे गेला’ असे. उत्तर धड्यातल्या एका ओळीत सापडतं. मग पुढे कधीतरी एकदम ‘सारांश लिहा’ येतं. मूल एक तर अर्धा धडा उतरवून काढतं, नाही तर गाइडमधलं तयार उत्तर पाठ करतं.

मी सोलापुरात बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आता पूर्व भागात माझ्या घरी संध्याकाळी मुलं वाचायला जमतात, तिसरीपासून दहावीपर्यंतची. बहुतेकांच्या घरी यंत्रमागाचं नाही तर विड्यांचं काम. घरात तेलुगू, काहींच्या कन्नड किंवा उर्दू, आणि शाळेत मराठी. खाली लिहिते आहे ते या मुलांबरोबर करून बघितलेलं आहे. घरी एकाच लेकराला घेऊन बसलात तरी असंच करता येईल.

माझं म्हणणं एवढंच आहे की सारांश म्हणजे निवड. आणि ऐकणारं कोणी समोर असल्याशिवाय निवड कशाला करायची, हे मुलाला उमगत नाही. त्यामुळे वही सगळ्यात शेवटी येते.

पुस्तकाआधी गड्डा

पहिले आठ-दहा दिवस पुस्तक उघडू नका. मुलाने स्वतः पाहिलेल्या, केलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा. जानेवारीत आमच्याकडे सोपं असतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा. मूल गड्ड्यावरून आलं की विचारायचं, ‘काय काय बघितलंस?’ त्याला पोटभर बोलू द्यायचं. रिक्षा मिळाली नाही, चप्पल तुटली, पाळण्यात भीती वाटली, भजी खाल्ली, सात नंदीध्वज (यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) बघितले, बाबांना मित्र भेटला, येताना झोप आली. सगळं ऐकून घ्यायचं, मध्ये टोकायचं नाही.

मग म्हणायचं, ‘आता गावाकडून आजीचा फोन येणार आहे. तिला फक्त तीन गोष्टी सांगायच्यात. कुठल्या सांगशील?’

इथे मूल पहिल्यांदा थांबून विचार करतं. चप्पल तुटली हे आजीला सांगायचं का? बाबांचा मित्र आजीला कुठे माहीत आहे? नंदीध्वज मात्र सांगायलाच हवेत, आजी दर वर्षी त्यांचंच विचारते. दुसऱ्या दिवशी तोच अनुभव वर्गातल्या मित्राला सांगायला लावायचा. आता नंदीध्वज मागे जातात आणि पाळणा पुढे येतो. ऐकणारा बदलला की निवड बदलते, हे सातव्या-आठव्या वर्षीसुद्धा मुलाला कळतं. फक्त ते त्याच्या तोंडून करवून घ्यावं लागतं.

यात्रा नसेल तेव्हा शाळेतला दिवस घ्या, लग्न घ्या, क्रिकेटची मॅच घ्या. मॅच फार उपयोगाची आहे. पन्नास षटकांचा सामना मुलगा एका वाक्यात सांगतो: ‘आपली सुरुवात बेकार झाली, पण शेवटच्या दोघांनी काढली मॅच.’ हा उत्तम सारांश आहे, आणि तो त्याला आधीच येतो. ‘तू आत्ता मॅचचं केलंस ना, तेच आता या पानाचं करायचंय,’ एवढं सांगितलं की अर्धी भीती जाते.

वाचायला काय द्यायचं

सुरुवातीला एका बैठकीत वाचून होईल असं, एक-दीड पान. मुलाच्या इयत्तेपेक्षा एक-दोन पायऱ्या सोपं. शब्दांशी झटापट चालू असेल तर निवड करायला डोक्यात जागाच उरत नाही. म्हणून पाचवीच्या मुलाला तिसरीचा धडा द्यायला मी अजिबात कचरत नाही. पहिला महिना गोष्टी, नंतर माहितीपर मजकूर, त्यानंतर वर्तमानपत्रातल्या बातम्या. कवितेचा सारांश लहान मुलांना करायला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे; कविता म्हणायची, पाठ करायची, तिचं गाळायला काही नसतं. पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नसली तरी मागच्या वर्षीची पाठ्यपुस्तकं, शाळेतली वाचनपेटी आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी शहरातली जुनी वाचनालयं आहेत.

गोष्ट पाच बोटांवर

गोष्टीसाठी मी हाताची पाच बोटं वापरते. अंगठा: कोण? दुसरं बोट: त्याला काय हवं होतं? मधलं: पण आडवं काय आलं? चौथं: मग त्याने काय केलं? करंगळी: शेवटी काय झालं?

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सगळ्या लेकरांना येते, म्हणून पहिल्यांदा तीच घ्यावी. म्हातारी (अंगठा). तिला लेकीकडे जायचं होतं. पण वाटेत वाघ, कोल्हा तिला खायला आले. मग ‘येताना जाडजूड होऊन येते, तेव्हा खा’ असं सांगून ती सटकली आणि परतताना भोपळ्यात बसून आली. शेवटी सुखरूप घरी पोचली. पाच बोटं, पाच वाक्यं.

सगळ्यांत जास्त अडतं ते मधल्या बोटावर. मुलं ‘मग’ भरपूर वापरतात, ‘पण’ वापरतच नाहीत. गोष्ट मात्र ‘पण’वर उभी असते. ‘पण’ सापडला नसेल तर मुलाला अजून गोष्ट लागलेली नाही असं समजावं आणि पुन्हा वाचायला लावावं. मी काही आठवडे तर एवढंच करते: गोष्ट वाचायची आणि त्यातला ‘पण’ शोधून सांगायचा. बाकी काही नाही.

एक अडचण नेहमी येते. भोपळ्याच्या गोष्टीतलं ‘टुणूक टुणूक’ गाळायला मुलं तयार होत नाहीत. त्यांच्या मते तीच तर गोष्ट! इथे मुलाला खोडून काढू नका. आवडलेलं आणि महत्त्वाचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आवडलेल्याला घराबाहेर काढलं की मूल वाचनावरच रुसतं. मी वहीच्या पानाच्या तळाशी एक चौकट आखून देते आणि वर लिहिते ‘मला आवडलेलं’. टुणूक टुणूक तिथे जातं. सारांशात जागा मिळाली नाही तरी पानावर मिळते. काही मुलांच्या त्या चौकटी मी अजून जपून ठेवल्या आहेत.

ऐकणारं माणूस शोधा

पाच बोटं जमली की मुलाला घरी पाठवायचं, ज्याने ती गोष्ट वाचलेली नाही अशा माणसाकडे. शिक्षक हा सारांश ऐकायला फार कच्चा माणूस आहे, कारण त्याला गोष्ट आधीच माहीत असते. मुलाने अर्धवट सांगितलं तरी तो मनातल्या मनात पुरं करून घेतो आणि ‘शाब्बास’ म्हणून मोकळा होतो.

त्या चौथीतल्या मुलीची आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटांना क्षणाची उसंत नाही. पण कान मोकळे. मी आईला एकच सांगितलं, ‘पंचवीस विड्यांची जुडी बांधून व्हायच्या आत हिची गोष्ट संपली पाहिजे.’ पहिल्या दिवशी दोन जुड्या होऊन गेल्या तरी मुलगी जंगलातच. आठवड्याभरात ती एका जुडीत बसवायला लागली. तिने घड्याळ बघून काही केलं नाही. आई धागा गुंडाळायला लागली की मुलगी आपोआप शेवटाकडे वळायची.

आईला मराठी वाचता येत नाही, आणि हेच कामाला आलं. मुलगी मराठीत वाचलेलं तेलुगूत सांगायची. भाषा बदलली की पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हणता येत नाहीत. आधी अर्थ हातात घ्यावा लागतो, मग तो आपल्या शब्दांत मांडावा लागतो. आई मधूनच विचारायची, ‘तर्वात एमैंदि?’, पुढे काय झालं? आणि कधी म्हणायची, तो राजा मध्येच कुठून आला? मुलीने राजाबद्दल आधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी राजा पहिल्या वाक्यात आला.

म्हणून घरी दुसरी भाषा असलेल्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘आमचं मराठी कच्चं, आम्ही काय शिकवणार’ असं म्हणून बाजूला होऊ नका. मुलाला तुमच्या भाषेत सांगायला लावा, आणि जे कळलं नाही ते खरोखर विचारा. कळल्यासारखं दाखवू नका. तुमच्या न कळण्यातूनच मूल शिकतं.

माहितीचा मजकूर: गाळायचं, गुंडाळायचं

गोष्टीला शेवट असतो. माहितीच्या धड्याला तसा नसतो, त्यामुळे बोटं इथे चालत नाहीत. इथे दोन कामं शिकवायची.

पहिलं गाळणं. मुलाच्या हातात पेन्सिल द्या (पुस्तक स्वतःचं असेल तर, नाही तर झेरॉक्स) आणि तीन प्रकारची वाक्यं हलकेच खोडायला सांगा: एकच गोष्ट पुन्हा सांगणारी, उदाहरण देणारी आणि सजावटीची. ‘अहाहा, काय ते दृश्य’ हे वाक्य खोडताना मुलांना विशेष आनंद होतो.

दुसरं गुंडाळणं, म्हणजे लांब यादीला एक नाव देणं. ‘ज्वारी, तूर, हरभरा, करडई’ म्हणजे पिकं, हे सगळ्यांना येतं. वस्तूंचं जमलं की क्रियांचं करायचं, ते अवघड. आमच्या मुलांना मी त्यांच्या घरातलंच विचारते. सूत रंगवतात, वाळवतात, कांड्या भरतात, ताणा करतात, माग लावतात, विणतात, कडा शिवतात. एका वाक्यात सांग! एक मुलगा म्हणाला, ‘सुताची चादर होते.’ एवढंच हवं होतं. पण त्याच मुलाने पुढे विचारलेलं मला फार मोलाचं वाटतं: ‘बाई, पण पप्पांना सांगायचं असेल तर? त्यांना तर हे माहीतच आहे.’ बरोबर आहे. कारागिराला सांगायचं असेल तर रंग कुठला, नक्षी कुठली हे सांगावं लागेल. किती गुंडाळायचं हेही ऐकणाऱ्यावर आहे.

या कामांचा क्रम मी मनाने ठरवलेला नाही. १९८३ साली ॲन ब्राऊन आणि जीन डे या अमेरिकेतल्या संशोधकांनी पाचवीपासून कॉलेजपर्यंतची मुलं सारांश कसा करतात याचा अभ्यास केला होता. बिनमहत्त्वाचं आणि पुन्हा आलेलं गाळणं पाचवीच्या मुलांनाही बऱ्यापैकी जमत होतं. यादीला नाव देणं त्याहून अवघड. मजकुरात मुख्य वाक्य असेल तर ते उचलणं आणखी अवघड. आणि मजकुरात असं वाक्य नसताना स्वतः तयार करणं सगळ्यांत अवघड, कॉलेजातल्यांनाही सहज न जमणारं. हे मी मुद्दाम सांगते, कारण सहावीच्या मुलाकडून लोक शेवटचीच पायरी पहिल्या दिवशी मागतात आणि मग ‘याला काही येत नाही’ म्हणतात.

एक उतारा, तेरा चिठ्ठ्या

आता एक उतारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा घेतला ते सांगते. सहावी-सातवीच्या मुलांसाठी मी मोजून १०० शब्दांचा हा उतारा तयार केला होता:

‘डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. त्यांनी मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलं. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केलं. जखमी सैनिकांवर उपचार करायला तिथे डॉक्टर कमी पडत होते, म्हणून चीनकडून भारताकडे मदतीची विनंती आली. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात कोटणीस होते. युद्धाच्या आघाडीजवळ, औषधांचा तुटवडा असताना, त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. ते चिनी भाषा शिकले. तिथल्या एका रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. १९४१ साली त्यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. त्यांना एक मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, आजारपणात त्यांचं चीनमध्येच निधन झालं. चीनमध्ये त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं.’

मी सारांश लिहा म्हटल्यावर एका मुलाने लिहिलं: ‘डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. त्यांनी मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलं. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केलं. त्यांना एक मुलगा झाला.’ त्याने वरची तीन वाक्यं घेतली आणि आवडलेलं एक खालून उचललं. चीनला कोण गेलं, कशाला गेलं, काही नाही. बहुतेक मुलं असंच करतात. वरचं म्हणजे महत्त्वाचं असं त्यांना वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या तेरा चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक वाक्य. फरशीवर ओळीने मांडल्या. नियम एकच: एक चिठ्ठी उचलायची आणि उरलेलं मोठ्याने वाचायचं. अर्थ लागत असेल तर ती चिठ्ठी बाहेर. मध्येच खड्डा पडत असेल तर परत जागेवर.

मुंबईतलं शिक्षण लगेच बाहेर गेलं. डॉक्टर म्हटलं म्हणजे शिकलेच असणार. जन्माची तारीख गेली. ‘सोलापुरात’ मात्र कोणी काढू देईना. वाद झाला. एक मुलगी म्हणाली, दिल्लीच्या माणसाला सांगायचं असतं तर काढलं असतं, पण आम्ही तर सोलापूरच्याच माणसाला सांगणार. मी मान्य केलं. मग ‘चीनकडून विनंती आली’ ही चिठ्ठी उचलली आणि उरलेलं वाचलं, तर खड्डा पडला: जपानने चीनवर आक्रमण केलं आणि भारताचे डॉक्टर चीनला गेले, पण का? चिठ्ठी परत आली. कारण सांगणाऱ्या चिठ्ठ्या काढल्या की खड्डा पडतो, हे मुलांनी स्वतःच पकडलं.

मग चार चिठ्ठ्या उरल्या आणि काम अडलं. भाषा शिकले, रुग्णालयाचे प्रमुख झाले, लग्न केलं, मुलगा झाला. एकेक काढली तर खड्डा पडत नाही. चारही काढल्या तर मात्र माणूस नाहीसा होतो, फक्त शस्त्रक्रिया उरतात. मी काही बोलले नाही. बराच वेळ सगळे त्या चार चिठ्ठ्यांकडे बघत बसले. मग मघाशी दिल्लीचं बोललेली मुलगी म्हणाली, ‘बाई, म्हणजे ते तिथलेच झाले की!’

‘ते तिथलेच झाले’ हे वाक्य उताऱ्यात कुठेही नाही. तरीही ते त्या चारही चिठ्ठ्यांमध्ये आहे. कोऱ्या चिठ्ठीवर ते लिहून चौघींच्या जागी ठेवलं. ब्राऊन आणि डे यांनी सगळ्यांत अवघड ठरवलेली पायरी ती हीच, आणि ती सातवीच्या मुलीने फरशीवर बसून ओलांडली. अशा वेळी शिक्षकाने गप्प बसणं फार महत्त्वाचं. मी दोन मिनिटं आधी उत्तर सांगितलं असतं तर ते वाक्य माझं झालं असतं.

शेवटी झालं ते असं: ‘सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली भारतीय पथकाबरोबर चीनला गेले. जपानशी युद्ध चालू असल्याने तिथे डॉक्टरांची गरज होती. जखमींवर उपचार करता करता ते तिथलेच झाले आणि १९४२ मध्ये, ३२व्या वर्षी तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना आजही मानतात.’ शंभर शब्दांचे ३५ झाले.

आता वही

लिहायला लावताना एक अट पाळा: मजकूर मिटवून ठेवायचा. समोर उघडा असला की डोळे वाक्यं उचलतात. दोनदा वाचायचं, मिटायचं, आधी तोंडी सांगायचं, मग लिहायचं. नाव किंवा साल विसरलं तर उघडून तेवढंच बघायचं आणि परत मिटायचं.

किती लिहायचं हे आधीच ठरवून द्या. ‘थोडक्यात लिही’ म्हणजे किती, हे मुलाला कळत नाही. चौथीला तीन वाक्यं, सहावीला पाच ओळी. शब्दांची मर्यादा आठवीच्या पुढेच घाला. लहान वयात मुलं शब्द मोजण्यात रमतात आणि अर्थ हातातून सुटतो.

बातमी हा एक सोपा आणि फुकटातला सराव आहे. घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातली चार-पाच परिच्छेदांची बातमी कापा, मथळा दुमडून आत घाला, आणि मुलाला मथळा द्यायला सांगा. मग दुमडलेला उघडा. मुलाचा मथळा छापलेल्याहून चांगला निघाला तर तसं मोकळेपणाने सांगा. असं खरंच होतं. उजनी धरणाच्या पाण्याच्या बातम्या आमच्याकडे वर्षभर येतात. त्यातल्या आकड्यांच्या गर्दीतून ‘म्हणजे आपल्याला पाणी किती दिवसांनी येणार?’ हे शोधून काढणं मुलांना फार आवडतं, कारण घागरी भरायला तीच असतात.

तपासायचं कसं

लाल पेनाने शुद्धलेखन तपासत बसू नका. ते वेगळं काम आहे, वेगळ्या दिवशी करा. सारांश तपासताना मी तीन गोष्टी बघते.

न वाचलेल्या मुलाला तो वाचून कळतो का? दोन मुलांना वेगवेगळे मजकूर द्या, वह्यांची अदलाबदल करा आणि ‘तुला काय कळलं ते सांग’ म्हणा. लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही.

दुसरी, त्यात मुलाचं स्वतःचं मत मिसळलंय का? ‘त्याने असं करायला नको होतं’ हे सारांशात बसत नाही. ते खालच्या चौकटीत जातं, आवडलेल्याच्या शेजारी. मत देऊच नको असं मात्र म्हणू नका. मत हवंच, फक्त त्याची जागा वेगळी.

तिसरी सगळ्यांत उपयोगाची. प्रत्येक वाक्यावर विचारायचं, ‘हे मजकुरात कुठे आहे? बोट ठेव.’ स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या वाक्यालाही आधार मजकुरातच हवा. ‘तिथलेच झाले’ लिहिणाऱ्या मुलीने चार ठिकाणी बोट ठेवून दाखवलं होतं. बोट ठेवता आलं नाही तर वाक्य कितीही छान असो, काढायचं. उपदेशाची सवय लागलेली मुलं प्रत्येक सारांशाच्या शेवटी ‘म्हणून आपण नेहमी खरं बोलावं’ चिकटवतात. तिथे बोट ठेवायला सांगितलं की त्यांचं त्यांनाच कळतं.

फोनवर आता कुठल्याही धड्याचा तयार सारांश मिळतो. मोठी मुलं तो आणतातच. मी तो नाकारत नाही, चिठ्ठ्यांशेजारी ठेवते आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायला लावते. कुठे खड्डा आहे ते मुलं बरोबर शोधतात.

चार-पाच जणं असतील तर

गटात शिकवायची एक पद्धत ॲनमेरी पॅलिन्सर आणि ॲन ब्राऊन यांनी १९८४ साली मांडली. मुलं परिच्छेद वाचतात आणि आळीपाळीने शिक्षक होतात. शिक्षक झालेल्याने चार कामं करायची: परिच्छेद थोडक्यात सांगायचा, त्यावर एक प्रश्न विचारायचा, अडलेला शब्द किंवा वाक्य सगळ्यांनी मिळून सोडवायचं, आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. मी यात एकच भर घातली: शिक्षक झालेल्या मुलाने माझ्या खुर्चीवर बसायचं. लाजरी मुलंही त्या खुर्चीवर बसली की बोलतात.

नववी-दहावीला

दहावीच्या सध्याच्या मराठी कृतिपत्रिकेत पत्रलेखनाला पर्याय म्हणून सारांशलेखन असतं, अपठित उताऱ्याचा एक-तृतीयांश. बरीच मुलं त्याला हातच लावत नाहीत, पत्राचा साचा पाठ असतो म्हणून. तोंडी सरावाची मुलं मात्र हा पर्याय बिनधास्त घेतात. त्यांना तीनच सूचना पुरतात: आधी कच्चा आराखडा पेन्सिलीने चार-पाच शब्दांत, उताऱ्यातली उदाहरणं आणि अवतरणं बाहेर, आणि लिहून झाल्यावर शब्द मोजायचे, पाच-सहा इकडेतिकडे चालतील. परीक्षेच्या आदल्या महिन्यात हे सुरू केलं तर जड जातं. आठवीपासून आठवड्याला एक उतारा पुरेसा होतो.

दोन मुलांचे दोन सारांश

पालक मला नेहमी विचारतात की एकाच उताऱ्याचे दोन सारांश वेगळे आले तर बरोबर कुठला? दोन्ही बरोबर असू शकतात. कोटणीसांचा तोच उतारा मी पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलांना दिला आणि एका वाक्यात सांगायला लावला. एका मुलाने लिहिलं, ‘सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी चीनमधल्या युद्धात जखमींना वाचवलं म्हणून तिथे त्यांना आजही मान आहे.’ त्याने बोटं बरोबर ठेवून दाखवली.

शेजारी बसलेल्या सहावीतल्या मुलीचे वडील कामाला भिवंडीला असतात, सणाला येतात. तिने लिहिलं होतं, ‘सोलापूरचे डॉ. कोटणीस जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि परत आले नाहीत.’

मुलगा म्हणाला, ‘परत आले नाहीत असं कुठे लिहिलंय? बोट ठेव.’

तिने उतारा जवळ ओढला, शेवटून दुसऱ्या वाक्यात ‘चीनमध्येच’ शोधलं, आणि फक्त ‘च’वर बोट ठेवलं.